सुट्टी गुरुवारी, पालकसभा शनिवारी

भोसरी एमआयडीसीतल्या लहान-मोठ्या वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. पुणे-पिंपरी परिसरात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, म्हणून यंत्रांना आणि यंत्रांवर राबणाऱ्या माणसांनाही विसावा त्याच दिवशी. शनिवारी लेथ, प्रेस, सीएनसी मशिनी नेहमीसारख्या चालू असतात. चाकणचा आठवडे बाजारही शनिवारीच भरतो. आणि याच पट्ट्यातल्या पुष्कळ शाळा पालकसभा ठेवतात ती शनिवारी सकाळी, कारण त्या दिवशी शाळा लवकर सुटते आणि वर्ग मोकळे मिळतात. सभेला मोजक्या आया येतात, वडील त्याहून कमी. इतिवृत्तात ‘पालकांची उपस्थिती अल्प’ असे वाक्य पडते आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचा अर्थ लावला जातो की, पालकांना मुलांच्या शिक्षणाचे काही पडलेले नाही.

हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या माणसाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. दुसऱ्या खाड्याला सुपरवायझर नाव लक्षात ठेवतो. अर्ध्या तासाच्या सभेसाठी एवढी किंमत मोजायला सांगणारी पद्धत शाळेने निवडली, तर न येणाऱ्याला उदासीन कसे म्हणायचे? पालकांशी बोलण्याचा मार्ग कोणता निवडायचा, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण शाळेच्या हिशेबी पालक म्हणून कोण धरला जाणार आणि कोण गळणार, हे त्या निवडीवरच ठरते.

पिंपरी-चिंचवडला हा प्रश्न नेहमीच असा नव्हता. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पाया घातला गेला, साठच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीत बजाजचा कारखाना उभा राहिला. कायम नोकरी, कंपनीची वसाहत किंवा कामगारांनी मिळून काढलेली सोसायटी आणि हाकेच्या अंतरावर शाळा, अशी त्या पिढीची घडण होती. ‘एचए’ कॉलनीतल्या मुलाला एचए शाळा होती. शिक्षक आणि पालक एकाच दुकानातून किराणा भरत. संपर्काची वेगळी पद्धत शोधण्याची गरजच पडत नसे.

आजचा पट्टा निराळा आहे. 1982 मध्ये महापालिका झाली, 1997 मध्ये मोशी, चिखली, वाकड, रावेत अशी आजूबाजूची गावे तिच्यात आली. 2001 च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 17 लाख 27 हजारांवर गेली. इंद्रायणीच्या पलीकडे बजाजने 1999 मध्ये चाकणला कारखाना उभारला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्र आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कंपन्या. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी, सावरदरी या गावांत शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. बीड, नांदेड, लातूर, बुलढाणा, जळगाव इथून आलेले कंत्राटी कामगार, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, बंगाल इथली कुटुंबे, बांधकामावर आलेले कर्नाटकातले लमाणी, नेपाळी वॉचमन अशी सगळी मुले एका जिल्हा परिषद शाळेच्या एका वर्गात बसतात. पिंपरी-चिंचवड महापालिका मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शंभराहून अधिक शाळा चालवते. त्या शाळांचे पट याच कुटुंबांवर उभे आहेत.

या सगळ्यांना गाठण्यासाठी शाळेच्या हाती आज मुख्य साधन एकच दिसते : व्हॉट्सअॅप ग्रुप. स्वस्त आहे, झटपट आहे आणि सूचना दिल्याचा पुरावा राहतो. शिक्षकांना दोष द्यावा असे त्यात काही नाही. त्यांच्या डोक्यावर इतकी ऑनलाइन कामे आहेत की पालकांशी बोलणेही त्याच रांगेत जाऊन बसले. पण हा संदेश नेमका कुणाच्या हातात पडतो, ते पाहायला हवे. ग्रुपवर नंबर असतो बहुधा वडिलांचा. वडील सेकंड शिफ्टला. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही. रात्री बाराच्या सुमारास ते खोलीवर परततात, तेव्हा ग्रुपवर साठलेल्या संदेशांत उद्या आधार कार्डाची झेरॉक्स आणायची सूचना कुठेतरी खाली गेलेली असते. दिवसभर मुलाजवळ असते ती आई, आणि तिच्याकडे स्मार्टफोन असेलच असे नाही. ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण 2018 मधल्या 36.5 टक्क्यांवरून 2021 मध्ये 67.6 टक्क्यांवर गेले, असे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत आढळले, पण घरी फोन असलेल्या मुलांपैकीही 26 टक्क्यांना तो हाताळायला मिळत नव्हता. फोन घरात असणे आणि घरच्यांच्या हाती असणे, यांत बरेच अंतर आहे. त्यात रिचार्ज संपते, गावी जाऊन आले की सिम बदलते, आणि शाळेच्या यादीतला नंबर बंद लागतो.

कोरोनाच्या काळात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यावर सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीतल्या शिक्षकांनी काढलेला मार्ग मोलाचा होता : त्यांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे, गणिते, आकृत्या रंगवून घेतल्या. ज्याच्या घरी फोन नाही त्यालाही भिंत दिसतेच. आपल्या मुलांच्या घरी काय आहे आणि काय नाही, हे आधी पाहून त्या शिक्षकांनी साधन निवडले. निवडीचा क्रम असाच असायला हवा.

दुसरा अडसर भाषेचा. बिहारच्या गोपाळगंजहून आलेला बाप देवनागरी वाचतो, मराठी सूचनेतले निम्मे तरी त्याला उमगते. गंजामहून आलेल्या ओडिया बापाला लिपीच अनोळखी. लमाणी आई गोरमाटी बोलते, वाचायला तिला कोणतीच लिपी येत नाही. मूल मात्र सहा-आठ महिन्यांत मराठी बोलू लागते, आणि मग घर आणि शाळा यांच्यातला दुभाषी तेच होते. ‘तुझा मुलगा वर्गात लक्ष देत नाही’ हे वाक्य त्या मुलानेच आईला भाषांतर करून सांगायचे, असा प्रसंग या शाळांतल्या कोणत्याही शिक्षकाला सांगता येईल. मुलावर हा भार टाकणे योग्य नाही. त्याच वस्तीत हिंदी-ओडिया जाणणारी, पाच-सात वर्षे इथे राहिलेली एखादी आई असतेच. तिला शाळेने मान देऊन बोलावले आणि तिच्या वेळेचे थोडे मानधन दिले, तर निम्मा प्रश्न सुटतो. लेखी सूचनेपेक्षा तिच्या आवाजातला एक मिनिटाचा ध्वनिसंदेश जास्त कामाचा.

पालकांशी त्यांच्या भाषेत बोलल्याने मराठीचे नुकसान होईल, अशी भीती काही जणांना वाटते. घडते ते उलट. आईबापांचा शाळेवर विश्वास बसला की मूल टिकते, आणि टिकलेले मूल मराठी शिकते. निघोज्याच्या शाळेत चौथीपर्यंत टिकलेली ओडिया मुलगी मराठी वाचते, लिहिते, मराठीत भांडते. मराठी शाळांचे पट घसरत असताना ही मुले मराठीच्या पदरात पडत आहेत. त्यांच्या आईशी दोन वाक्ये हिंदीत बोलणे ही त्यासाठी फार लहान किंमत आहे.

खाजगी शाळांचा विचारही इथे करायला हवा, कारण वैविध्य तिथेही आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांवर घरकाम करणाऱ्या बाईचे मूल आणि रावेतच्या टॉवरमधल्या आयटी अभियंत्याचे मूल एका बाकावर बसू शकते. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना या जागांतून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. दार पुन्हा उघडले, पण दारापर्यंत पोचायचे तर ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि भाड्याने राहणाऱ्यांसाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. खराबवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा नोंदणीकृत करार कोण करून देतो? प्रवेश मिळालाच, तर शाळेचे अॅप इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, ‘प्रोजेक्ट’साठी आणायच्या वस्तूंची यादीही इंग्रजीत. त्या आईला अॅपमध्ये घेतले म्हणजे तिच्याशी संपर्क झाला, असे समजणाऱ्या शाळेने एकदा तिला फोन करून पाहावे.

शाळा घरापर्यंत नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला जे काम केले, त्याचे मर्म हेच होते. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलाचा दिवस कसा जातो, हे आधी विचारणारी ती दृष्टी होती. औद्योगिक पट्ट्यातल्या शाळेला हाच प्रश्न पालकाच्या पाळीबद्दल विचारायचा आहे.

अलीकडचे एक उदाहरण तर चाकणच्याच तालुक्यातले आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर या वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. पटावर उरली होती तीन मुले. दत्तात्रय वारे गुरुजी 2022 मध्ये तिथे बदलून आले, आणि काही वर्षांतच पट शंभरावर गेला. मुलांनीच एकमेकांना शिकवायची ‘विषयमित्र’ पद्धत आणि गावकऱ्यांचा पैशाने व श्रमाने लागलेला हात, यांची दखल जगाने घेतली. ‘टी4 एज्युकेशन’च्या 2025 च्या जागतिक शाळा पुरस्कारांत ही शाळा ‘समाजाचा सहभाग’ या गटात पहिल्या दहांत आली आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार तिने जिंकला. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीतही वारे गुरुजींनी गावाला शाळेशी असेच जोडले होते.

या यशाचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र ते जसेच्या तसे नाणेकरवाडीत लावता येईल, असे समजणे धोक्याचे आहे. वाबळेवाडीला गाव होते : जमीन असलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी, ग्रामसभेत बोलू शकणारी माणसे. औद्योगिक पट्ट्यातला भाडेकरू पालक ग्रामसभेला जात नाही. त्याचे नाव बहुधा मतदार यादीतही मूळ गावी असते. सरपंच त्याला ओळखत नाही, आणि मालकाशी त्याचा संबंध भाड्यापुरता. या शाळांना गावाची वाट पाहता येणार नाही; त्यांना आधी माणसे शोधून एकत्र आणावी लागतील.

त्यासाठी अधिक जवळचा धडा ‘डोअर स्टेप स्कूल’चा आहे. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी 1988 मध्ये मुंबईत सुरू केलेली ही संस्था नव्वदच्या दशकात पुण्यात आली आणि बांधकामांच्या साइटवर वर्ग भरवू लागली. साइटवर शिकवायचे, आईबापांशी तिथेच बोलायचे, मुलाला जवळच्या पालिका शाळेत दाखल करायचे आणि रोज तिथवर न्यायला गाडी द्यायची, अशी ती साखळी आहे. 2011 पासून ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ या मोहिमेत सामान्य नागरिकही साइट शोधायला आणि पहिलीच्या वयाची मुले मोजायला बाहेर पडले. घर हलले की मूल हलणार, हे या कामात आधीच गृहीत धरलेले आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड देण्याची राज्याची योजनाही याच जाणिवेतून आली. पण कार्ड आहे हे त्या आईला कुणी प्रत्यक्ष भेटून सांगितल्याशिवाय ते मागायला ती येणार नाही.

‘एवढी माणसे आणायची कुठून’ हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. तेच शिक्षक मतदार याद्यांसाठी बीएलओ म्हणून दारोदार फिरतात, सर्वेक्षणे करतात. त्यात गृहभेटींची भर टाकली तर ती कागदावरच राहील. पण पिंपरी-चिंचवडकडे याचे उत्तर तयार आहे. 2023 मध्ये महापालिकेने ‘सिद्धी’ प्रकल्पातून मिळकतकराची बिले बचत गटांच्या महिलांमार्फत घरोघरी पोचवली. शहरात मिळकती सहा लाखांच्या आसपास, आणि या महिला मोबाइल हातात घेऊन गल्लीगल्ली फिरल्या. कराचे बिल प्रत्येक दारी पोचवण्याची व्यवस्था ज्या महापालिकेने उभी केली, तिला आपल्या शाळांमधल्या मुलांच्या आयांपर्यंत पोचणे अशक्य नाही. प्रत्येक शाळेमागे वस्तीतल्याच दोन-तीन महिला, महिन्यातून ठरावीक दिवस, त्याचे रीतसर मानधन, एवढे पुरे. चाकण पट्ट्यात जिल्हा परिषदेला हेच काम ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतून करून घेता येईल, आणि त्याचा खर्च उचलण्यासाठी सीएसआरचा निधी असलेल्या कंपन्या तर तिथेच आहेत. शाळेची भिंत रंगवून फोटो काढण्यापेक्षा हा खर्च किती तरी जास्त मुलांना उपयोगी पडेल. कंपन्यांना आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे : ठेकेदारांच्या कामगारांसह सर्वांना वर्षातून दोनदा पालकसभेसाठी दोन तासांची पगारी सवलत.

वेळेचा प्रश्न तर पैशांवाचून सुटतो. दिल्ली सरकारने 30 जुलै 2016 रोजी आपल्या सगळ्या शाळांत एकाच दिवशी मोठी पालकसभा घेतली, आधीपासून जाहिरात करून पालकांना निमंत्रण दिले, आणि एरवी शाळेची पायरी न चढणारे बाप वर्गशिक्षकासमोर येऊन बसले. एका दिवसाच्या सोहळ्यावर भागत नाही हे खरे. पण निमंत्रण मिळाले की माणसे येतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. आपल्याकडे शाळेने प्रवेशाच्या वेळीच चार गोष्टी लिहून घ्याव्यात : आई-वडिलांची पाळी आणि सुट्टीचा वार, घरी बोलली जाणारी भाषा, दिवसा फोन कुणाजवळ असतो, आणि निरोप तोंडी हवा की लेखी. मग वर्गशिक्षिकेला दिसेल की तिच्या वर्गात गुरुवारी मोकळे असणारे पालक किती, रविवारी किती, आणि संध्याकाळी खोल्यांच्या चौकात गेल्याशिवाय भेटणारच नाहीत असे किती. सोसायटीतल्या पालकांना अॅप पुरते, त्यांना अॅप द्यावे. ज्यांना ते पुरत नाही, त्यांच्यासाठी माणूस पाठवावा. सगळ्यांना एकच पद्धत लावणे दिसते समान. प्रत्यक्षात ते आधीच जवळ असलेल्यांना आणखी जवळ आणते.

भेटीत काय बोलायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. शाळेचा निरोप बहुतेक वेळा मागणीचा किंवा तक्रारीचा असतो : कागद आणा, मूल गैरहजर आहे, वही नाही. ज्या आईला शाळेने आजवर फक्त बोल लावण्यासाठी बोलावले, ती पुढच्या वेळी का यावी? राज्याच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात 2022 पासून माता गट तयार झाले. घरातल्या वस्तू वापरून मुलाशी काय खेळायचे, हे आया तिथे एकमेकींना शिकवतात. जिला अक्षर येत नाही, तीही त्यात मागे राहत नाही. संपर्काची सुरुवात अशा ठिकाणाहून झाली, की पुढे गैरहजेरीबद्दलही बोलता येते. मे महिन्यात गावी गेलेले कुटुंब जूनच्या मध्यापर्यंत परतेल की लग्नसराई आणि पेरणी उरकून जुलैत, हे ती आई आपण होऊन सांगते, आणि शाळेला त्या मुलाचे नाव पटावरून कमी करावे लागत नाही.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा. संपर्क म्हणजे नुसते कळवणे असेल, तर पालक श्रोताच राहील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, एकूण निम्म्या महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा सांगितल्या आहेत. ज्या शाळेच्या पटावर निम्म्याहून अधिक मुले भाड्याच्या खोल्यांतून येतात, तिच्या समितीत त्या खोल्यांमधले पालक किती आहेत, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि गटशिक्षणाधिकाऱ्याने यादी समोर ठेवून तपासावे. नसतील, तर पुढच्या फेररचनेत त्यांना घ्यावे. बैठकीची वेळ त्यांच्या पाळीला जुळवावी आणि त्यांना समजेल अशा भाषेत चर्चा करावी. त्यासाठी नवा कायदा, नवा शासन निर्णय किंवा नवे अॅप लागणार नाही. प्रमाणात प्रतिनिधित्व देण्याची ही तरतूद 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे.